दार्जिलिंगची वाफेची गाडी: गोव्याहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

फोंडा, डिचोली, साखळी, म्हापसा इकडची ओळखीची मंडळी दार्जिलिंगचा बेत आखायला लागली, की प्रश्न बहुतेक तेच येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भाडं आणि गाड्यांच्या वेळा सतत बदलतात, म्हणून ते आकडे मुद्दाम घातलेले नाहीत. ते आयआरसीटीसीवर त्या त्या वेळी पाहावेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेक जण या गाडीत बसतात ते बाहेरचा डोंगर पाहायला. तो पाहावाच, पण ही गाडी तो डोंगर चढते कशी, हे त्याहून जास्त पाहण्यासारखं आहे. पुढची बरीच उत्तरं याच मताने लिहिली आहेत.

ही नेमकी कुठली गाडी?

दार्जिलिंग हिमालयन रेल्वे, लोकांच्या तोंडी ‘टॉय ट्रेन’. पश्चिम बंगालमधल्या न्यू जलपाईगुडीहून सिलिगुडी, सुकना, रंगटोंग, तिंधारिया, गयाबाडी, महानदी, कर्सियांग, सोनादा, घूम असं करत ती दार्जिलिंगला पोचते. अंतर साधारण ८८ किलोमीटर. पायथ्याचं न्यू जलपाईगुडी समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर आहे आणि घूम २,२५८ मीटरवर. घूम हे भारतातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. तिथून दार्जिलिंगपर्यंत मात्र गाडी उतरते. ‘वर वर दार्जिलिंगला’ असं मनात धरून गेलेल्यांना याचं नवल वाटतं.

१९९९ साली युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पुढे २००५ मध्ये निलगिरी आणि २००८ मध्ये कालका–शिमला हे मार्ग त्याच नोंदीत जोडले गेले.

नॅरो गेज म्हणजे किती अरुंद? आपली जुनी वास्को–कॅसलरॉक गाडीही तशीच होती ना?

नाही, ती मीटर गेज होती. दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर. १९९०च्या दशकात तिचं ब्रॉड गेज झालं, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. दार्जिलिंगचे रूळ फक्त ६१० मिलिमीटर, बरोबर दोन फूट अंतरावर आहेत. त्यांच्यामध्ये उभं राहिलं, तर दोन्ही पाय रुळांना लावून सहज उभं राहता येतं.

हे अरुंदपण पैसे वाचवायला होतं, तसंच ते वळणांसाठीही होतं. रूळ जितके जवळ, तितकं वळण घट्ट घेता येतं. मोठ्या गाडीला डोंगर आडवा आला की बोगदा खणावा लागतो किंवा कडा फोडावा लागतो. ही गाडी डोंगराच्या अंगाअंगाने, प्रत्येक घडीत शिरून बाहेर पडत जाते. म्हणूनच या संपूर्ण मार्गावर एकही बोगदा नाही. दूधसागरच्या घाटात एकामागून एक बोगदे पाहत वाढलेल्या माणसाला हा फरक पहिल्या तासाभरातच जाणवतो.

दातेरी रूळ नाही, दोर नाही, मग ती चढते कशी?

सगळ्यात आवडीचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक. दोन्ही गुळगुळीत. चढावर गाडी ओढायची तर चाकाने रूळ धरून ठेवला पाहिजे, आणि ती पकड येते चाकावर पडणाऱ्या वजनातून. इथल्या जुन्या वाफेच्या इंजिनाला चारच चाकं, आणि चारही वाफेच्या जोराने फिरणारी. नुसतं ओझं वाहणारं एकही चाक नाही. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली, कोळशाची पेटीही इंजिनावरच. मागे कोळसा-पाणी वाहणारा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. म्हणजे इंजिनाचं, पाण्याचं, कोळशाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच येतं आणि पकडीच्या कामी लागतं. एवढंसं दिसणारं इंजिन एवढं खेचतं, त्याचं कारण या मांडणीत आहे.

तरीही धुक्याने, दवाने, झाडावरून गळलेल्या पानांनी रूळ ओला झाला, की चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, ओल्या फरशीवर पाय सटकावा तशी. यावर उपाय वाळूचा. इंजिनाच्या अगदी पुढे, बफरच्या वर, परंपरेने दोन माणसं बसतात. शेजारी कोरडी वाळू. चढ आला की एक डावीकडच्या रुळावर आणि दुसरा उजवीकडच्या रुळावर मुठीमुठीने वाळू टाकत राहतो. त्यांच्याकडे नीट पाहा. इंजिनाचा आवाज बिघडायच्या आधीच त्यांची मूठ सुटते. पुढचं वळण किती ओलं असेल, सावली कुठे पडते, हे त्यांना रोजच्या सवयीने ठाऊक असतं. वाळू कमी पडली तर चाक घसरतं आणि जास्त झाली तर मागच्या डब्यांनाच जड जातं.

आत ड्रायव्हर आणि फायरमन, आणि कोळशापाशी आणखी एक माणूस. तो ढेकळं फोडून योग्य आकाराचा कोळसा फायरमनपर्यंत पोचवतो. एवढ्याशा इंजिनावर इतकी माणसं, आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

चिमणीतून येणारा ‘छक-छक’ म्हणजे काम करून बाहेर पडणारी वाफ. ती बाहेर पडताना भट्टीतली हवा आपल्याबरोबर ओढून नेते, त्यामुळे विस्तव आणखी फुलतो. इंजिन जितकं जोरात राबतं तितकी त्याची आग तेज होते. आवाज संथ आणि जड झाला की चढ वाढला असं समजावं. एकदम भरभर झाला तर चाक घसरलं.

झिगझॅग आणि लूप यांत फरक काय?

चढ फार उभा आला आणि वळायला जागाच नाही, तिथे झिगझॅग. गाडी पुढे जाऊन थांबते, मागचा सांधा बदलतात, आणि मग ती उलटी, शेपूट पुढे करून, वरच्या रुळावर चढते. तिथे थांबून पुन्हा सांधा बदलला की पुन्हा तोंड पुढे. मार्गावर असे सहा झिगझॅग आहेत. आपण बसलेला डबा मागे जायला लागला म्हणून घाबरू नये.

लूपमध्ये रूळ गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून पलीकडे जातो. तिंधारियाजवळच्या लूपला ‘अॅगनी पॉइंट’ म्हणतात. मार्गातलं सगळ्यात घट्ट वळण तिथेच आहे. सगळ्यात देखणा लूप मात्र दार्जिलिंगजवळचा बतासिया, १९१९ सालचा. आधी तिथला चढ गाडीला फार जड जाई, तो सौम्य करायला हा वळसा घातला.

संपूर्ण प्रवास वाफेच्या इंजिनावर होतो का?

नाही. हे आधी माहीत नसलं तर विरस होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग जाणारी रोजची गाडी डिझेलवर चालते. डिझेल इंजिनं इथे २००० सालच्या सुमारास आली. वाफेचं इंजिन आज मुख्यतः दार्जिलिंग–घूम–दार्जिलिंग या छोट्या फेरीत भेटतं, तिला जॉयराइड म्हणतात. त्यातही काही फेऱ्या डिझेलच्या असतात. तिकीट काढताना ‘स्टीम’ लिहिलंय ना, हे पाहूनच पैसे भरा. वाफेच्या फेरीचं भाडं डिझेलहून बरंच जास्त असतं.

मग जॉयराइड घ्यावी की खालून वरपर्यंतचा प्रवास करावा?

जमलं तर दोन्ही. एकच जमणार असेल तर माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. धडधाकट असाल आणि एक पूर्ण दिवस हाताशी असेल, तर खालून येणारी डिझेलची गाडी धरा. तिला सात तासांहून जास्त लागतात, जीपला त्याच्या निम्म्याहून कमी. पण सहाही झिगझॅग, तिंधारिया, अॅगनी पॉइंट, सुकन्याजवळचं साल वृक्षांचं जंगल, मग चहाचे मळे, मग धुकं, हे सगळं फक्त याच गाडीतून पाहायला मिळतं. जॉयराइड वरच्या सात किलोमीटरांपुरती. त्यात लूप आहे, झिगझॅग एकही नाही.

वेळ कमी असेल तर मधला मार्ग असा: कर्सियांगपर्यंत जीपने या आणि तिथून दार्जिलिंगपर्यंतची एखादी गाडी चालू आहे का ते पाहा. कर्सियांगला रूळ चक्क बाजारातून जातात. दुकानाच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावरून डबा सरकतो, आणि फळवाला आपली टोपली गाडी येण्यापुरती मागे घेतो.

वाफेसाठी मात्र जॉयराइडला पर्याय नाही, आणि वाफ पाहिल्याशिवाय तिथून परत येऊ नये.

जॉयराइडमध्ये काय काय असतं?

साधारण दोन तासांची फेरी. दार्जिलिंगहून निघाल्यावर गाडी हिल कार्ट रोडच्या कडेने जाते, मधेच रस्ता ओलांडते, घरांच्या खिडक्यांजवळून जाते. बतासियाला थोडा वेळ थांबते. तिथे बाग आहे आणि गोरखा सैनिकांचं स्मारक आहे. खाली उतरून इंजिनाजवळ जा, फोटो मागाहूनही काढता येतील. पुढे घूमला जास्त वेळ थांबते, कारण तिथे रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे. संग्रहालयात घाईघाईने एक चक्कर मारून लोक चहाच्या टपरीकडे वळतात. तसं करू नका. इंजिन डब्यांच्या दुसऱ्या टोकाला कसं नेतात, ते याच वेळात पाहायला मिळतं.

इंजिन खरंच इतकं जुनं आहे, की नव्याला जुना रंग दिलाय?

खरंच जुनं. ‘बी’ वर्गाची ही इंजिनं १८८९ पासून बनू लागली. ग्लासगोच्या शार्प, स्ट्युअर्ट कंपनीने सुरुवात केली, नंतर नॉर्थ ब्रिटिशने, अमेरिकेच्या बाल्डविनने आणि काही तर तिंधारियाच्या स्वतःच्या कारखान्यात बनली. पुढच्या तीन-चार दशकांत एकूण ३४ झाली. आज त्यांतली काहीच धावती आहेत.

शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. बॉयलरची नळी गळू लागली, चाकाचा धावपट्टा झिजला, तर तो तिंधारियातच घडवावा लागतो. तिथल्या कामगारांच्या हातात जे आहे ते कागदावरच्या नकाशात सगळं नाही. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शिकाऊकडे ते आलेलं आहे. आपल्याकडे जुन्या देवळाची लाकडी कमान किंवा पालखी दुरुस्त करणारा चारी, म्हणजे सुतार, शोधायला आज किती फिरावं लागतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यातली चिंता वेगळी समजवावी लागणार नाही.

हा मार्ग बांधला कुणी, आणि कशासाठी?

ईस्टर्न बंगाल रेल्वेचे फ्रँकलिन प्रेस्टेज यांची ही कल्पना. १८७८ पर्यंत मोठी रेल्वे सिलिगुडीला पोचली होती, पण तिथून वर टांगे आणि बैलगाड्या. प्रेस्टेजनी हिशोब मांडला तो धान्याचा. सिलिगुडीला ९८ रुपये टन असलेला तांदूळ दार्जिलिंगला पोचेपर्यंत २३८ रुपयांना जातो, मग रेल्वे आली तर भाडं देऊनही लोकांचं भलंच होईल. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर अॅशली ईडन यांनी मंजुरी दिली. १८७९ मध्ये काम सुरू झालं, ऑगस्ट १८८० मध्ये गाडी कर्सियांगला आणि जुलै १८८१ मध्ये दार्जिलिंगला पोचली. दोन वर्षांच्या आतबाहेर! एवढ्या लवकर झालं कारण नवी वाट फारशी खणावीच लागली नाही. बैलगाड्यांचा हिल कार्ट रोड होता, त्याच्याच कडेला रूळ टाकले. गाडी आजही रस्त्याचा हात सोडत नाही, ती त्यामुळेच.

ही गोष्ट आपल्या ब्रागांझा घाटाच्या, म्हणजे दूधसागरच्या घाटातल्या रेल्वेच्या, काळातलीच ना?

हो, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की मजा येते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदर ते कॅसलरॉक मार्गाची जुळवाजुळव झाली, आणि १८८०च्या दशकात तो पुरा झाला. म्हणजे हिमालयात आणि सह्याद्रीत जवळजवळ एकाच वेळी सुरुंग लागत होते. पण गरज वेगळी होती. तिकडे थंड हवेच्या गावाला तांदूळ आणि तिथून चहा, इकडे बंदरापर्यंत घाटावरचा माल. बंदराचा माल म्हणजे जड डबे, म्हणून मीटर गेज, बोगदे, पूल.

चढाचा हिशोब पाहा. आपल्या घाटात ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, आणि एवढ्यासाठी कुळेला मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडावी लागतात. दार्जिलिंगच्या मार्गावर काही ठिकाणी २५ फुटांच्या आसपासच एक फूट वर जावं लागतं, आणि ढकलायला मागे कुणी नाही. डबे हलके आणि मोजके, हेच त्यावरचं उत्तर.

आपल्याकडेही अशी वाफेची गाडी पर्यटकांसाठी का चालवत नाहीत?

कुळे–कॅसलरॉकमध्ये जुने मीटर गेजचे रूळच राहिले नाहीत, आणि आताच्या मार्गावर मालगाड्यांची सतत ये-जा असते. वाफेची गाडी जिवंत ठेवायला इंजिन लागतं त्याहून जास्त माणसं लागतात, आणि ती परंपरा आपल्याकडे डिझेल आल्यावर तुटली. दार्जिलिंगला ती तुटू दिली नाही, हे तिथल्या लोकांचं मोठेपण.

माथेरान, ऊटी जवळ आहेत. एवढं लांब का जायचं?

जवळचं नको असं कोण म्हणेल! माथेरानला जरूर जा. पनवेलपर्यंत कोकण रेल्वे, पुढे नेरळ. तीही दोन फुटांचीच गाडी, २१ किलोमीटर, १९०७ पासूनची, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या ध्यासातून उभी राहिलेली. फक्त तिथला रोजचा वाफेचा काळ केव्हाच संपला, आता डिझेल. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो.

निलगिरीला, म्हणजे ऊटीच्या मार्गावर, मेट्टुपालयम ते कुन्नूर वाफ आहे आणि ती अस्सल आहे. तो मार्ग मात्र मीटर गेज आहे. म्हणजे आपल्या जुन्या गाडीचा सख्खा भाऊ. तिथे चढ इतका उभा आहे, बारा फुटांना एक, की दोन रुळांमध्ये दातेरी पट्ट्या टाकून इंजिन त्यांच्यात दात अडकवत चढतं, आणि तेही गाडीच्या मागे राहून. पकडीची सगळी काळजी दात्यांवर सोपवलेली. दार्जिलिंगला ती माणसांवर आहे. लहान मुलं बरोबर असतील आणि हाताशी चार-पाच दिवसच असतील तर निलगिरी निवडा, त्यात काही उणं नाही.

गोव्याहून पोचायचं कसं?

विमानाने जाणार असाल तर दाबोळी किंवा मोपाहून कोलकाता अथवा दिल्लीमार्गे बागडोगरा. तिथून सिलिगुडी जवळच आहे.

रेल्वेने जायची माझी शिफारस आहे. वास्कोहून शालिमारला जाणारी अमरावती एक्स्प्रेस आठवड्यातले ठरावीक दिवस सुटते. दीड दिवसाहून जास्त लागतो, पण ती निघताच आपल्याच घाटातून, दूधसागराच्या समोरून वर चढते. मोठी गाडी घाट कसा चढते ते आधी पाहून घ्या, कुळेला मागे इंजिनं लागताना पाहा, मग छोटी गाडी पाहताना दुप्पट समजेल. शालिमार हावड्याच्या बाजूला आहे आणि उत्तर बंगालच्या बऱ्याच गाड्या हुगळीपलीकडच्या सियालदाहून सुटतात, दार्जिलिंग मेलसुद्धा. शहर ओलांडायला भरपूर वेळ हाती ठेवा. शक्य तर एक रात्र कोलकात्यात मुक्काम करावा. रात्री बसलं की सकाळी न्यू जलपाईगुडी.

चतुर्थीच्या सुट्टीत जाता येईल का?

चतुर्थी सोडून गोव्याबाहेर जाणारं घर विरळाच, पण विचारतात म्हणून सांगतो: नका जाऊ. जून ते सप्टेंबर तिथे तुफान पाऊस असतो, दरडी पडतात आणि खालून येणारी गाडी कितीतरी दिवस रद्द असते. दिवाळी आटोपल्यावरचे दिवस आणि नोव्हेंबर हा माझ्या मते उत्तम काळ. आकाश स्वच्छ, थंडी सोसण्याजोगी. मार्च-एप्रिलमध्ये फुलं असतात, पण धुकंही वाढतं. डिसेंबर-जानेवारीत कडाका असतो.

कांचनगंगा दिसेल ना?

पहाटे आणि सकाळी शक्यता जास्त, दुपारनंतर ढग येतात. ८,५८६ मीटरचं जगातलं तिसरं शिखर बतासियाहून समोर उभं राहतं, असं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण घूम हे धुक्याचंच गाव आहे. शिखर दिसलं नाही म्हणून फेरी फुकट गेली असं मानणाऱ्याने सकाळची पहिली फेरी धरावी आणि दार्जिलिंगला दोन-तीन रात्री राहावं.

तिकीट कधी काढावं?

नक्की तारीख ठरली की त्याच दिवशी. आयआरसीटीसीवर मिळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि मे महिन्यात वाफेच्या फेऱ्या लवकर भरतात. गटाने जाणाऱ्यांनी सगळ्यांना एकाच फेरीत बसवायचा आग्रह धरू नये. डबे लहान आहेत, दोन फेऱ्यांत वाटून घेतलं तर सगळ्यांना खिडकी मिळायची शक्यता वाढते.

कुठल्या बाजूला बसावं?

वळणं इतकी आहेत की दरी कधी या हाताला, कधी त्या हाताला येते. बाजूचा विचार सोडा. इंजिनाला लागून असलेला डबा मिळाला तर घ्या. आवाज तिथे ऐकू येतो.

धुराचा त्रास होतो का?

होतो. कोळशाचे बारीक कण उडतात, पांढऱ्या कपड्यांवर ठिपके पडतात. खिडकीतून पुढे तोंड काढून बसू नका, डोळ्यात कण गेला की सगळी फेरी डोळा चोळण्यात जाते. साधा चष्मा पुरतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी डिझेलची फेरी घ्यावी.

थंडी किती? आपल्याकडे गरम कपडे नसतात.

मडगावच्या डिसेंबरच्या पहाटेवरून अंदाज बांधू नका. नोव्हेंबरमध्येही घूमला बोचरं वारं असतं. एक जाड जाकीट, कानटोपी, मोजे आणि बंद बूट लागतातच. दार्जिलिंगच्या बाजारात लोकरीचे कपडे मुबलक मिळतात, तेव्हा घरून सगळं विकत घेऊन निघायची गरज नाही. दोन्ही स्थानकांवर खूप चढउतार आहे, त्यामुळे चपला नकोत.

आजी-आजोबांना आणि लहान मुलांना झेपेल का?

जॉयराइड सहज झेपते. पूर्ण प्रवास वयस्कांना कंटाळवाणा होईल आणि कमरेला जड जाईल. दोन हजार मीटरवर बहुतेकांना श्वासाचा त्रास होत नाही, पण हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सिलिगुडीहून जीपने जाताना ज्यांना गाडी लागते, त्यांनी रिकाम्या पोटी किंवा भरल्या पोटी निघू नये, थोडंसं खाऊन निघावं. निघण्याआधी स्थानकावरच प्रसाधनगृहात जाऊन यावं.

मुलांना हाताशी धरून ठेवा. गाडी हळू चालते म्हणून काही जण चालत्या गाडीतून उतरतात, चढतात, फोटोसाठी दाराला लटकतात. रस्ता आणि भिंत डब्याला इतकी लागून येते की हात बाहेर असला तर तो चिरडू शकतो.

जेवणाचं काय? सोमवारी आमच्याकडे शिवराक असतं.

शिवराक, म्हणजे शाकाहारी, अगदी सहज मिळतं. आलू दम, भाज्यांचे मोमो, थुक्पा, पुरी-भाजी. मोमोत भाजी कुठली आणि मांस कुठलं हे मात्र विचारून घ्या, दिसायला सारखेच असतात. माशांवाचून चैन न पडणाऱ्यांनी कोलकात्यात हौस भागवून घ्यावी. खालून येणाऱ्या गाडीत पोटापुरतं सोबत ठेवा, वाटेत थांबे असले तरी वेळेचा भरवसा नसतो.

भाषा?

नेपाळी. हिंदी सगळ्यांना येते. थोरल्या पुरुषाला ‘दाजू’ आणि बाईला ‘दिदी’ म्हटलंत तर बोलणं लगेच मोकळं होतं. इंजिनावरच्या लोकांशी बोलायचं असेल तर गाडी घूमला थांबल्यावर, आणि त्यांचं पाणी-कोळशाचं काम उरकल्यावर.

ही गाडी बंद पडेल असं ऐकतो. खरं का?

अशी चर्चा नेहमीच होते, कारण तिकिटांतून खर्च निघत नाही आणि डोंगर स्वस्थ बसत नाही. २०१० मध्ये पगलाझोराजवळ दरड कोसळली, नंतर तिंधारियाजवळही रस्ता आणि रूळ खचले. न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग सलग गाडी पुन्हा धावायला २०१५ चा डिसेंबर उजाडला. त्या काळातही वरच्या भागातल्या फेऱ्या चालूच होत्या. युनेस्कोचा दर्जा आहे म्हणून ती आपोआप वाचेल असं समजू नये. रुळांवर टाकलेला कचरा, रुळांना खेटून उठणारी बांधकामं आणि डोंगरउतारावरची तोड, यांनी दरडीइतकंच नुकसान होतं. आपण निदान प्लास्टिक पिशवीत भरून परत आणावं आणि बतासियाच्या रुळांवर बसून खाऊ नये.

तिकीट मिळालंच नाही तर?

सकाळी लवकर दार्जिलिंग स्थानकावर या. इंजिनांची शेड तिथेच आहे आणि रस्त्यावरून दिसते. भट्टी पेटवून वाफ चढायला बराच वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या फेरीच्या कितीतरी आधी काम सुरू होतं: राख काढणं, पाणी भरणं, सांध्यांत तेल घालणं. बाहेर उभं राहून पाहायला पैसे पडत नाहीत. आत जायचं असेल तर विचारूनच.

त्यानंतर घूमपर्यंत जीपने जा आणि बतासियाकडे रस्त्याने चालत या. उतार आहे, दम लागत नाही. रूळ सोबतच असतात, गाडी बाजूने जाते आणि वाळू टाकणारे दोघं चार पावलांवरून पाहता येतात. बतासियाच्या बागेत शिरायला वेगळं तिकीट असतं, ते दारावर मिळतं. आणि संध्याकाळी स्थानकावर पुन्हा एकदा विचारा. मोठे गट बेत बदलतात आणि दुसऱ्या दिवसाच्या जागा कधीकधी ऐनवेळी मोकळ्या होतात.